सोळाव्या मिनिटाला थांबणारा खेकडा

"पंधरा मिनिटं झाली," मागच्या फळीवर बसलेल्या बंडूनं मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेत जाहीर केलं. "आता थांबते पाहा."

"तुहं तोंड थांबव आधी," पुढून गाडी चालवणारे खुशालराव म्हणाले.

बंडूचं तोंड थांबलं, पण गाडीही थांबली. आधी तिनं दोन आचके दिले, मग म्हाताऱ्या माणसासारखी खोकली, आणि पांदणीच्या, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेच्या, ऐन मधोमध, पाटाचं पाणी झिरपून जिथं घोटाभर चिखल झाला होता नेमक्या तिथंच गप्प बसली. बंडूनं घड्याळ पुढं केलं. सोळा मिनिटं. काल सोळा, रविवारी सोळा, आज सोळा. त्याच्या शाळेची घंटासुद्धा इतकी वेळेवर होत नाही.

रागिणी आणि प्रणाली चपला हातात घेऊन चिखलात उतरल्या. या दोघी बहिणी अकोल्याच्या. दिवाळीच्या सुट्टीत तिवस्याजवळच्या मामाच्या गावी आल्या होत्या. रागिणी आठवीत, प्रणाली सहावीत, आणि मामेभाऊ बंडू पाचवीत असला तरी बोलण्यात दोघींचा आजोबा. अडलेल्या गाडीचं 'खेकडा' हे नावही त्याचंच. गाडी बुटकी, रुंद आणि चिखलात कशीही शिरणारी, म्हणून खेकडा.

हा खेकडा कुठल्या दुकानातून आणलेला नव्हता. खुशालरावांनी, म्हणजे मामानं, तो आपल्या हातानं बनवला होता. जुन्या ऑटोरिक्षाचं पेट्रोल इंजिन, पाइप जोडून केलेला सांगाडा, खोल नक्षीची चार जाड चाकं आणि मागं संत्र्याचे क्रेट ठेवायची फळी. पेट्रोलची टाकी एका मोडक्या मोटारसायकलची. ती मामानं मुद्दाम पुढं उंचावर बसवली होती, म्हणजे पेट्रोल आपोआप खाली इंजिनाकडं उतरावं. तिचं मूळ झाकण हरवलेलं, म्हणून नवं झाकणही मामानंच घडवलेलं. या सगळ्यात तीन वर्षं गेली होती. पूर्वी मामा मेळघाटात सेमाडोहला पर्यटकांची जिप्सी चालवायचा. तिथं चढावर अन् ओढ्यात चालणाऱ्या गाड्या पाहून त्याच्या डोक्यात आलं, की आपल्या काळ्या मातीत चालेल अशी छोटी गाडी का नसावी? झालं. नोकरी सोडून मामा गावात आला.

आता मामानं टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज आला. त्यानं आत डोकावून पाहिलं. पेट्रोल अर्धी टाकी होतं. झाकण लावलं, दोन किक मारल्या, आणि गाडी अशी सुरू झाली की जणू काही घडलंच नव्हतं.

"अशीच करते," मामा चिडून म्हणाला. "थांबते काहून, अन् सुरू होते काहून, काही समजू नाही रायलं."

न समजणं परवडण्यासारखं नव्हतं. आज बुधवार होता, आणि रविवारी मनकर्णाबाई येणार होत्या.

मनकर्णाबाई म्हणजे गावातल्या संत्रा पिकवणाऱ्या बायकांच्या गटाच्या प्रमुख. वय साठ, आवाज पंचविशीचा. व्यापाऱ्याचा ट्रक डांबरी रस्त्यावर उभा राहतो आणि बागा आत पांदणीत. मधला चिखल बायका डोक्यावर क्रेट घेऊन तुडवतात. गेल्या हंगामात दोघी घसरून पडल्या, एकीचा पाय मोडला. गटाला अशीच एक गाडी हवी होती. पण मनकर्णाबाईंनी अट घातली होती: गाडी त्या स्वतः चालवून पाहणार, भरल्या क्रेटसकट, सगळ्यात वाईट पांदणीत, पुरता एक तास. मामानं कुरकुर केली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "संत्रं घेतानी व्यापारी सोलून पाहते. आमी का गाडी नुसता रंग पाहून घेऊ?"

आणि रविवारी गाडी अडली तर? तर मामा ती भंगारात देऊन पुन्हा सेमाडोहला जाणार होता. तिथल्या मालकाचा दोनदा फोन येऊन गेला होता. जंगल उघडं असतं ते आठ महिने मामा तिकडं, आणि बंडू व मामी इकडं. एरवी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलणारा बंडू या एका गोष्टीवर कधी बोलत नसे.

घरी परतल्यावर मामानं कार्बोरेटर खोलला, प्लग पुसला, नळी फुंकली. कुठंही खोट सापडली नाही. मग तो ओसरीवर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, की हे काम बाजूवाल्याचं आहे. रात्री येऊन तो पेट्रोलमध्ये काहीतरी टाकतो. साखर असेल, नाही तर रॉकेल.

मुलांना हे अजिबात आवडलं नाही. बाजूवाला म्हणजे चंदनकाका, वेल्डर. त्याचं दुकान मामाच्या अंगणाला लागूनच, मधे फक्त कमरेएवढी भिंत. खेकड्याचा सांगाडा दोघांनी मिळून जोडला होता. पण उन्हाळ्यात टाकी कुठं बसवायची यावरून दोघांचं वाजलं. चंदनकाका म्हणाला सीटखाली, मामा म्हणाला पुढं, आणि एवढ्यावरून वीस वर्षांची दोस्ती बंद. आता मामा त्याचं नावही घेत नसे, 'बाजूवाला' म्हणे. जिद्दीला पेटला की आमच्या वऱ्हाडी माणसाला बैलजोडीही जागचं हलवू शकत नाही, आणि इथं तर दोघंही वऱ्हाडी.

"रविवारी गाडी अडली, त साऱ्या गावासमोर सांगीन मी," मामा म्हणाला.

त्या संध्याकाळी तिघांची बैठक भरली. बंडूनं वही काढली. पठ्ठ्यानं गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवली होती. रागिणीनं ती वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सगळे दिवस सोळा-सतरा मिनिटं, पण परवाच्या सोमवारी गाडी पन्नास मिनिटं सलग चालली होती. सोमवारी वेगळं काय होतं? बंडूनं बराच विचार करून सांगितलं, की रविवारी संध्याकाळी त्यानं साबण लावून गाडी धुतली होती, म्हणजे गाडीला आंघोळ आवडत असावी. प्रणालीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पण रागिणीनं आंघोळही वहीत लिहून ठेवली. मग ठरलं, की पहाटे उठून पाळत ठेवायची आणि गाडीजवळ कोण येतं ते पाहायचं.

अंगणाकडं खिडकी असलेली एकच खोली होती, आणि ती छतापर्यंत कापसानं भरलेली. वेचणीचा कापूस विकेपर्यंत घरातच राहतो. गुरुवारी पहाटे तिघं त्या ढिगात मानेपर्यंत शिरून बसले. ऊब छान होती, पण दहा मिनिटांत अशी खाज सुटली की विचारू नका. बंडूला शिंक येऊ लागली. प्रणालीनं त्याचं नाक चिमटीत धरलं ते सोडलंच नाही.

उजाडायच्या सुमारास भिंतीवरून एक माणूस अंगणात उतरला. चंदनकाका! म्हणजे मामा खरं बोलत होता?

चंदनकाका गाडीभोवती फिरला. टाकीला त्यानं हातही लावला नाही. पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला, खिशातून पाना काढला आणि नट फिरवू लागला. मग सांगाड्याच्या एका जोडावरून त्यानं अंगठा फिरवला, मान हलवली आणि आल्या वाटेनं निघून गेला.

त्याच्यामागून थोड्याच वेळात बेबीताई, म्हणजे मामी, न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन पूजेचं ताट घेऊन आली. तिनं गाडीला हात जोडले, उदबत्ती ओवाळली, वाटीत तेलात कालवलेला शेंदूर घेऊन टाकीच्या झाकणावर बोटानं स्वस्तिक काढलं आणि आत गेली.

बंडूनं वहीत चंदनकाका लिहिला. आईचं नाव लिहू का, असं त्यानं विचारलं, तेव्हा प्रणालीनं त्याला वेड्यात काढलं. मामी तर रोजच येते. दिवाळीच्या पाडव्याला गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा सारं गाव पाहायला जमलं होतं, आणि वेशीपाशी ती बंद पडली. खरं तर त्या दिवशी आनंदाच्या भरात मामा पेट्रोलच भरायला विसरला होता. पण शेजारच्या मैनाबाई म्हणाल्या, नजर लागली. तेव्हापासून मामीनं रोज शेंदूर लावायचा नेम धरला होता.

तिघं चाकाजवळ धावले. नट ढिला केला असेल या भीतीनं रागिणीनं पाना लावून पाहिला. नट घट्ट होता. आदल्या रात्री घाईत मामानं तो अर्धाच आवळला होता, हे बंडूनं स्वतः पाहिलं होतं. म्हणजे चंदनकाका गुपचूप येऊन मामाचं राहिलेलं काम पुरं करत होता! बंडूनं ते लगेच मामाला जाऊन सांगितलं. मामा म्हणाला, की आज आवळला असेल, उद्या ढिला करेल. आणि गुरुवारी गाडी पुन्हा सोळाव्या मिनिटाला थांबली.

शुक्रवारी सकाळी मामा नवा कार्बोरेटर आणायला अमरावतीला गेला. मामीनं चकल्यांचा घाट घातला होता. दिवाळीत गाडीच्या काळजीपायी घरात फराळ धड झालाच नव्हता. तिनं पंधरा किलोचा तेलाचा नवा डबा बंडूपुढं ठेवला आणि खिळ्यानं भोक पाडायला सांगितलं. बंडूनं हातोडी मारली, भोक पाडलं, डबा कढईवर तिरपा केला. थोडंसं तेल आलं, मग गुळगुळ आवाज झाला आणि धार बंद.

"अरे, दुसरं भोक पाड त्या बाजूनं," मामी हसत म्हणाली. "हवा अंदर गेल्याबिगर तेल भायेर कसं येईन?"

बंडूनं दुसरं भोक पाडलं. फुस्स आवाज झाला आणि तेलाची धार कढईत पडू लागली.

फुस्स! तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. हा आवाज ते चार दिवसांपासून ऐकत होते. पुढच्या क्षणी बंडूनं डबा तसाच जमिनीवर ठेवला आणि तिघं अंगणात पळाले. मामी मागून ओरडत राहिली.

झाकणावर शेंदराचा जाड थर होता. रागिणीनं तो चमच्यानं खरवडला. खाली पत्र्याला सुईएवढं एक भोक होतं, शेंदरानं गच्च भरलेलं.

मग सगळं एका ओळीत आलं. पेट्रोल खाली जातं तशी टाकीत हवा यायला हवी, म्हणून मामानं ते भोक ठेवलेलं. भोक बुजलं की पेट्रोल थोडा वेळ उतरतं, मग अडतं. मामा झाकण उघडतो, हवा आत जाते, गाडी सुरू होते. सोमवारी गाडी का चालली? रविवारी बंडूनं ती साबणानं धुतली, आणि त्या रात्री मामी तिवस्याला बहिणीकडं मुक्कामाला होती. सोमवारची पूजा झालीच नव्हती. गावातल्या सगळ्याच गाड्यांवर शेंदूर नाही तर कुंकू असतं, त्यामुळं मामानं तो रोज पाहिला आणि एकदाही पाहिला नाही.

"सांगून देऊ बाबाले," बंडू म्हणाला.

"काय सांगशील? आईमुळं गाडी बंद पडते म्हणून?" रागिणीनं विचारलं.

खिडकीतून मामी दिसत होती. गाडीवर तिचा केवढा जीव. रोज पहाटे थंड पाण्यानं न्हाऊन ती गाडीसाठी हात जोडत होती. तिला हे सांगायचं कसं?

रागिणी म्हणाली, आधी खात्री करू. दाभणानं भोक मोकळं केलं. दुपारी मामा आला, त्यानं नवा कार्बोरेटर बसवला आणि मुलांना घेऊन पांदणीत निघाला. सोळा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. मामा गाणं म्हणू लागला. चिखल, उतार, बांध, सगळीकडून खेकडा तुरुतुरु गेला.

"कार्बोरेटरच होता," मामा खुशीत म्हणाला.

आता आली का पंचाईत! मामाला वाटलं कार्बोरेटर. आणि शनिवारी, रविवारी मामी पुन्हा शेंदूर लावणारच. म्हणून घरी चहासाठी गाडी थांबली तेव्हा प्रणालीनं पक्की परीक्षा घ्यायची ठरवली. स्वयंपाकघरातून कणकेची गोळी आणली आणि मामाची पाठ वळताच भोकावर चिकटवून टाकली. दुसऱ्या फेरीत नवा कार्बोरेटर असूनही गाडी सतराव्या मिनिटाला थांबली. तिघांची खात्री पटली. पण मामाचा चेहरा पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला होता.

या वेळी झाकणाला हातही न लावता त्यानं गाडी ढकलत घरी आणली, आणि प्रणालीनं वाटेतच गोळी काढून टाकली. अंगणात येताच मामा म्हणाला, की चहाच्या वेळी बाजूवाला भिंतीपाशी उभा होता, त्यानं स्वतः पाहिलं. आता शंकाच नको. रविवारी गटासमोर तो चंदनचं नाव घेणार म्हणजे घेणार.

त्यांच्याच परीक्षेनं चंदनकाका गुन्हेगार ठरला होता. रागिणीनं तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून मामी बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. तिनं मामाला समजावलं, की तुम्ही कोणाला बोल लावू नका, मीच कुठं कमी पडत असेन, उद्यापासून दोन वेळा पूजा करीन. रागिणीनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. चकल्यांचं ताट समोर आलं तरी त्या संध्याकाळी तिला एकही चकली गोड लागली नाही.

तिनं मनाशी एक सोपी वाट काढली. रविवारी पूजा झाली की लगेच भोक मोकळं करायचं. गाडी चालेल, मामा कोणाचं नाव घेणार नाही, आणि मामीलाही काही कळणार नाही. प्रणालीला ती वाट पसंत पडली. बंडू मात्र म्हणाला, की सोमवारपासून काय? तुम्ही दोघी जाल, मी रोज पहाटे दाभण घेऊन बसू का?

रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणं प्रणालीनं मामीकडून वेणी घालून घेतली, आणि तेवढ्यात बंडूनं झाकण पुसून भोकात दाभण फिरवलं. नऊ वाजता सगळे मनकर्णाबाईंच्या बागेपाशी जमले. झाडं पिवळ्याधमक संत्र्यांनी लगडलेली. गटाच्या पंधरा-वीस बायका, गावातली दहा-बारा माणसं, आणि सगळ्यात मागं, बाभळीला टेकून चंदनकाका. फळीवर भरलेले बारा क्रेट चढवले. मनकर्णाबाईंनी लुगड्याचा काष्टा नीट खोचला, चपला काढून बंडूकडं दिल्या आणि सीटवर चढून बसल्या. ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाईला गिअर कसे टाकायचे ते मामाला एकदाच सांगावं लागलं.

आणि तेवढ्यात मामी ताट घेऊन पुढं आली. मागोमाग गटातल्या चार बायका. शुभ कामाआधी ओवाळायला नको का? मामीनं तेलातल्या शेंदरात बोट बुडवलं. बाकीच्या बायकांनीही कुंकवाच्या करंड्यात बोटं घातली. सगळ्या त्या झाकणाकडंच वळल्या, कारण टाकी पुढं उंचावर होती आणि गाडीचं कपाळ म्हणावं अशी तीच एक जागा होती.

आता पुसायला वेळ नव्हता, दाभणही घरी राहिलं होतं. रागिणी धावली आणि तिनं मामीचा हात मनगटाशी धरला.

सगळे थबकले. पूजेचा हात धरायचा म्हणजे काय? कोणीतरी मागून म्हणालं, आजकालची पोरं. रागिणीचे कान तापले. ती मामीच्या कानाशी वाकली आणि जे होतं ते सांगितलं. झाकणातलं भोक, शेंदूर, तेलाचा डबा, सोमवार, सगळं. सांगताना तिला रडू येत होतं.

मामीच्या बोटावरचा शेंदूर ओघळून मनगटापर्यंत आला.

"काय झालं?" मामानं विचारलं. मग त्याची नजर बाभळीकडं गेली आणि त्याचा आवाज चढला. "पाहा, मी सांगत होतो न! याच्यात कोनाचा हात हाय ते मले चांगलं मालूम हाय. तो..."

"थांबा," मामी म्हणाली. "कोनाचं नाव घेऊ नका. हात माहा हाय."

आणि वीस बायका, दहा माणसं यांच्यासमोर तिनं सगळं सांगितलं. नजर लागली म्हणून मी रोज शेंदूर लावला आणि त्याच शेंदरानं गाडीचा श्वास कोंडला, असं ती सरळ म्हणाली. एक-दोघी हसल्या. मनकर्णाबाईंनी सीटवरूनच त्यांच्याकडं असं पाहिलं की हसू जागच्या जागी विरलं. मग रागिणीनंही पुढं होऊन शुक्रवारची कणकेची गोळी कबूल केली. ती गोळी त्यांनी लावली होती, चंदनकाकानं काही केलं नव्हतं, उलट तो पहाटे येऊन नट आवळून जात होता.

मामानं झाकण हातात घेतलं, उन्हाकडं धरलं. भोकातून उजेडाचा एक बारीक ठिपका त्याच्या गालावर पडला. मग तो बाभळीकडं चालू लागला.

"चंदन," तो म्हणाला. उन्हाळ्यानंतर त्यानं हे नाव पहिल्यांदा हाक मारायला घेतलं होतं. "मी चुकलो रे. लई चुकलो."

चंदनकाका बाभळी सोडून पुढं आला. "चुकला न," तो म्हणाला. "टाकी सीटखालीच पायजे होती."

या वेळी सगळ्यांच्या आधी मनकर्णाबाई हसल्या. मामीनं पदरानं झाकण लख्ख पुसलं, स्वतः फिरवून घट्ट केलं आणि शेंदूर लाकडी फळीवर लावला. मनकर्णाबाईंनी गाडी सुरू केली. मामाला शेजारी बसू दिलं नाही. तो शेजारी असला की मला शिकवत बसेल, असं म्हणून त्या एकट्याच पांदणीत शिरल्या.

मुलं बांधावरून धावत गाडीबरोबर निघाली. पाटाचं पाणी त्या दिवशी मुद्दाम सोडलेलं होतं. चाकांना काळी माती चिकटत होती, नक्षीतून निसटून मागं उडत होती. मनकर्णाबाईंचं लुगडं कमरेपर्यंत चिखलानं माखलं. बंडू घड्याळात पाहत होता, पण मिनिटं मोठ्यानं म्हणायची त्याला हिंमत नव्हती. चौदा. पंधरा. त्यानं डोळे मिटून घेतले. इंजिनाचा आवाज चालूच राहिला. डोळे उघडले तेव्हा अठरा झाली होती आणि खेकडा नाल्याच्या उतारावरून वर चढत होता. एक क्रेट सैल होऊन चार संत्री चिखलात पडली. प्रणालीनं ती उचलून ओढणीत बांधली.

एक तास आणि पाच मिनिटांनी मनकर्णाबाई डांबरी रस्त्यावर पोहोचल्या. बाराच्या बारा क्रेट जागेवर होते. त्या उतरल्या, पाय झटकले आणि मामाला म्हणाल्या, की सीट कडक आहे, ब्रेक जरा लवकर लागतो, आणि गटाला या हंगामासाठी अशा दोन गाड्या हव्यात.

"पन एक अट," त्या म्हणाल्या. "दोघानं मिळून बनवाच्या. एकट्याच्या हातची नाही घ्याची."

मामानं चंदनकाकाकडं पाहिलं. चंदनकाकानं खिशातून मोजपट्टी काढली आणि तिथंच चिखलात बसून सीटखालची जागा मोजायला घेतली. मामा लगेच त्याच्याशी वाद घालू लागला. मनकर्णाबाईंनी मग तिन्ही मुलांना बोलावलं, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन संत्री दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की मोठी माणसं चोर शोधत होती, या लेकरांनी खोट शोधली. बंडूनं मान अशी ताठ केली की त्याची टोपी मागं पडली. घरी येताना त्यानं बापाला विचारलं, की सेमाडोहच्या मालकाला फोन करून नाही म्हणून सांगू का, नंबर पाठ आहे. मामानं त्याला उचलून खांद्यावर घेतलं, पाचवीतला घोडा असूनही.

सोमवारी दोघी बहिणी अकोल्याला परत निघाल्या. तिवस्याच्या बसस्टँडवर सगळे पोहोचवायला आले होते. वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. दर सुट्टीला खुशालराव घाईघाईत वाकून रीत उरकायचे, आणि दोघी हसत हसत पाय मागं घ्यायच्या. आज मामा रीत उरकल्यासारखा वाकला नाही. दोन्ही हात पायांवर टेकवून तो क्षणभर तसाच राहिला. रागिणीला हसू आलं नाही. मग मामीही वाकू लागली, तेव्हा रागिणीनं पटकन तिचे खांदे धरले.

"नको मामी. मी तुमाले साऱ्या लोकाइसमोर..."

"मले एक सांग," मामी म्हणाली. "शुक्रवारी समजलं तुले. मले शुक्रवारीच काहून नाही सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"वाटलंच न वाईट. लई वाटलं." मामीनं तिच्या गालावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं. "पन वाईट वाटलं म्हनून का तुई मामी मरते वं? तुहा मामा सेमाडोहले चालला गेला असता, त मंग मी काय केलं असतं?"

रागिणीनं मामीला घट्ट मिठी मारली, आणि कंडक्टरनं दोनदा घंटी मारेपर्यंत सोडली नाही.